हात मागणं

लीलाधरची बायको सावद्याच्या ओट्यावर आली
तेव्हा दुपारचे अडीच, पारा सेहेचाळीस,
आणि गल्लीतल्या प्रत्येक दाराला डोळे.

जिजीनं भाकरतुकडा ओवाळून टाकला.
मग आम्ही वयाप्रमाणे बसलो सतरंजीवर,
पाय पुढे करून,
जणू विकायला मांडलेत.

ती वाकली, पण पायांपर्यंत गेलीच नाही.
अर्ध्यात थांबली,
जिजीचा उजवा हात उचलला
आणि पालथा आपल्या कपाळाला टेकवला.
'मानो पो,' म्हणाली.
नलूकाकू कुजबुजली :
ताप बघायला लावतेय का काय, माय व!

मग माझी पाळी. मी जेठ.
आमच्याकडं भावसून जेठासमोरून जाते
ती भिंतीच्या कडेनं, डोक्यावर पदर.
चहा हातात देत नाही, खाली ठेवते;
तिचा हात निघाला की मग आपण कप उचलायचा.
मी तिला नावानं हाक मारायची नाही,
घरात शिरताना नुसतं खाकरायचं.
खाकरणं म्हणजे आमची कडी वाजवणं.

आणि ही रोवेना
भरल्या ओट्यावर
माझा हात मागत होती.

मी तो खिशात घातला.

भुसावळच्या शेडमध्ये बत्तीस वर्षं राबलेला हात.
दोन बोटांची पेरं कपलिंगमध्ये राहिली,
रेषांमध्ये ग्रीस राहिलं.
लीलाधर म्हणाला, 'दादा, दे ना. त्यांच्यात असंच असतं.'
दिला.
ती दचकली नाही.
कपाळ घामानं ओलं होतं, आणि गार.
अकरा वर्षांत या हाताला कपाळ लागलं नव्हतं.
शेवटचं लागलं ते घरातलंच,
तेव्हा मी खरंच ताप बघत होतो.

तिच्या भाषेत मोठ्यांशी बोलताना
वाक्याच्या शेपटीला 'पो' लावतात.
जिजीला वाटलं, पोहे मागतेय.
दोन दिवस सकाळ-संध्याकाळ पोहे झाले.
तिसऱ्या दिवशी लीलाधरनं उलगडून सांगितलं,
तर जिजी म्हणे, मग एवढे खाल्ले कशाला?
मोठ्यांनी वाढलेलं टाकायचं नसतं, पो.

रात्री लाईट गेली. ओट्यावर खाटा टाकल्या,
केळीच्या बागांकडून थोडा वारा.
ती मोडक्या हिंदीत सांगत होती :
बातांगासला घर, सहा भावंडं, त्यात ही थोरली.
जेद्दाच्या हॉस्पिटलात नऊ वर्षं.
आधी फरशा पुसल्या, मग औषधांच्या खोलीत.
दोघा भावांचं कॉलेज तिच्या पगारातून,
घरावरचे पत्रे तिच्या पगारातून,
आणि स्वतःचं लग्न अडतिसाव्या वर्षी.
'घरी मला सगळे आते म्हणतात.'
'आत्या?' जिजी उठून बसली. 'कोणाची?'
कोणाची नाही. थोरल्या बहिणीला आते म्हणतात तिकडं.
जिजी बराच वेळ विचार करत राहिली.
आमच्याकडं आत्या म्हणजे दिलेली, लांब गेलेली,
दिवाळीला पाटावर बसवायची.
'म्हणजे तेच की,' शेवटी म्हणाली, आणि कूस बदलली.

मग तिनं मला विचारलं,
'कुया, आप कितना पढ़े?'
थोरल्या भावाला कुया.
जळगावच्या डिप्लोमाचं पत्र आलं होतं एकदा.
ते मी कंदिलाच्या काचेत घालून जाळलं
आणि त्याच आठवड्यात शेडमध्ये नाव लावलं.
लीलाधर तेव्हा दुसरीत.
तो आता शेजारच्या खाटेवर जागा होता,
म्हणून मी म्हणालो, 'दहावी. डोकं चालत नव्हतं.'
अंधारात ती थोडी थांबली.
'ओपो,' म्हणाली.
मोठ्यांना 'हो' म्हणायचं ते.
पटलं नसलं तरी.

आता दर रविवारी फोन येतो, चेहऱ्यासकट.
जिजी पालथा हात काचेला लावते
आणि सगळं काळं होतं.
'अगं, हात काढ!' नलूकाकू ओरडते.
माझी पाळी आली की
मी आधी खाकरतो.
तिकडून, कुठल्या समुद्राकाठून देव जाणे,
ती म्हणते, 'या, पो.'
जिजी मागून : पोहे खाल्ले का विचार तिला.